यॉर्क फॅक्टरी : दलदलीतलं गोदाम आणि अर्ध्या खंडाची वाहतूक

मे १६७० मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानं एका नव्या कंपनीला सनद दिली. हडसन उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांच्या खोऱ्यांत व्यापार करायचा मक्ता त्या सनदेनं हडसन बे कंपनीला मिळाला. आजच्या कॅनडाचा तिसरा हिस्सा तरी त्यात येतो. दोनच वर्षांपूर्वी याच राजानं लग्नात आंदण मिळालेलं मुंबई बेट वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं होतं. हडसन बे कंपनीला लावलेला खंड त्याहून मजेशीर होता. राजा किंवा त्याचे वारस त्या मुलखात पाऊल ठेवतील तेव्हा दोन एल्क (मोठी हरणं) आणि दोन काळे बीव्हर (नदी-तळ्यांत राहणारे दाट लवेचे प्राणी) द्यायचे. (हा खंड विसाव्या शतकात खरोखर दिला गेला. १९७० मध्ये राणी एलिझाबेथला चक्क जिवंत बीव्हर दिले.) त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या क्री, असिनिबॉइन आणि डेने लोकांना यातलं काही विचारण्याचा प्रश्नच कोणाच्या मनात आला नाही.

या कंपनीची सर्वांत मोठी वखार उपसागराला मिळणाऱ्या हेज नदीच्या मुखाजवळ होती, यॉर्क फॅक्टरी. तिची गोष्ट बहुतेक वेळा फरच्या व्यापाराची म्हणून सांगतात. बीव्हरच्या टोप्यांची फॅशन आली, वखार भरभराटीला आली. रेशमी टोप्या आल्या, वखार बुडाली. मला हे पटत नाही. यॉर्कची खरी कमाई तिच्या जागेमुळे आलेल्या वाहतुकीत होती आणि ती संपली तीही वाहतुकीमुळेच. म्हणून इथे फरपेक्षा नदी, होड्या आणि माल किती दिवसांत कुठे पोचायचा याकडे जास्त बघितलं आहे.

जागा वाईट, ठिकाण अचूक

जागा म्हणून यॉर्क फॅक्टरीत एकही गुण नव्हता. नेल्सन आणि हेज या दोन नद्या इथे एकमेकींच्या जवळच समुद्राला मिळतात आणि मध्ये दलदलीची एक जीभ उरते. किनारा इतका उथळ, की ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. लंडनहून आलेलं जहाज वखारीपर्यंत येऊच शकत नसे. नदीमुखाबाहेर ‘फाइव्ह फॅदम होल’ नावाच्या त्यातल्या त्यात खोल जागी ते नांगर टाकायचं आणि छोट्या गलबतांतून माल आत-बाहेर व्हायचा. वर्षातले सात-आठ महिने सगळं गोठलेलं. जमीन खाली कायमची गोठलेली, वर उन्हाळ्यात चिखल, आणि त्या चिखलावर डासांचे ढग. वखारीचा मुख्य अधिकारी जेम्स हारग्रेव्ह याची बायको लेटिशिया १८४० मध्ये स्कॉटलंडहून इथे आली. तिच्यासाठी पियानोही आला. तिची पत्रं आज त्या काळच्या रोजच्या जगण्याचा सर्वांत जिवंत दस्तऐवज मानली जातात.

मग इथेच का? नकाशावर बोट ठेवलं की उत्तर मिळतं. हडसन उपसागर म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पोटात शिरलेला समुद्र. मॉन्ट्रियलच्या व्यापाऱ्याला गवताळ मैदानांच्या प्रदेशात माल न्यायचा तर पंचमहासरोवरं पार करून, भूर्जसालीच्या लांब कनूतून (हलक्या, निमुळत्या होडीतून), अर्धा खंड तुडवावा लागे. हडसन बे कंपनीचं जहाज मात्र त्या प्रदेशाच्या दारापर्यंत समुद्रानंच येई. समुद्रातून टनाला पडणारा खर्च आणि नदीतून वल्ही मारत पडणारा खर्च यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. यॉर्कचं सगळं वैभव या एका फरकावर उभं होतं.

नेल्सन मोठी नदी, पण तिचा प्रवाह दांडगा. हेज त्या मानानं गरीब स्वभावाची. होडीनं वर चढायला हेजच बरी, म्हणून १६८४ मध्ये वखार हेजच्या काठावर बसली आणि ड्यूक ऑफ यॉर्कच्या नावानं ओळखली जाऊ लागली. पुढच्या तीस वर्षांत इंग्रज-फ्रेंच झटापटीत ती अनेकदा हातची गेली आणि परत आली. १६९७ मध्ये फ्रेंच कप्तान द’इबरव्हिलनं एकट्या ‘पेलिकां’ जहाजानिशी तीन इंग्रज जहाजांशी झुंज दिली आणि वखार घेतली. १७१३ च्या उट्रेख्टच्या तहानं ती इंग्रजांना परत मिळाली.

खिडकीतला व्यापार

पहिली नव्वद वर्षं कंपनीनं एक आळशी वाटणारं धोरण पाळलं: आपण समुद्रकाठी बसायचं, माल आपोआप येईल. टीकाकार याला गोठलेल्या समुद्राकाठची झोप म्हणत. खरं तर वाहतुकीचा सगळा बोजा क्री आणि असिनिबॉइन मध्यस्थांच्या खांद्यावर टाकलेला होता. आतल्या टोळ्यांकडून फर गोळा करून ते उन्हाळ्यात कनूंच्या तांड्यानं यॉर्कला उतरत.

सौद्याआधी सोहळा व्हायचा. तांड्याच्या म्होरक्याला नवा कोट आणि टोपी मिळे, चिलीम फिरे, भाषणं होत. मग वखारीच्या खिडकीतून देवघेव. हिशेबाचं नाणं म्हणजे ‘मेड बीव्हर’, म्हणजे नीट कमावलेलं एक उत्तम बीव्हर कातडं. बाकी प्रत्येक वस्तूची किंमत त्यात. बंदूक दहा-चौदा बीव्हरला, दारूगोळा, किटली, ब्लँकेट, ब्राझीलचा वळलेला काळा तंबाखू, सगळ्याचे दर लंडनमध्ये ठरलेले. दर वर्षानुवर्षं फारसे बदलत नसत. म्हणून वखारीतले अधिकारी मापात मारत. कापड थोडं आखूड मोजायचं, ब्रँडीत पाणी घालायचं. यातून सुटलेला माल ‘ओव्हरप्लस’ म्हणून वहीत वेगळा दाखवला जाई. चोरीला एवढा स्वच्छ रकाना क्वचितच मिळाला असेल.

पण समोरचा गिऱ्हाईक भोळा होता असं समजू नये. म्होरक्याच्या भाषणातच माप पूर्ण भरण्याची आणि तंबाखू आधी दाखवण्याची मागणी असे. १७२८ मध्ये यॉर्कचा अधिकारी थॉमस मॅक्लिश यानं लंडनला कळवलं, की बंदुकीची दारू, किटल्या आणि कुऱ्हाडी यांवरून लोकांनी उन्हाळाभर आपल्याला धारेवर धरलं. कडाक्याच्या थंडीत फुटणारी बंदूक म्हणजे हात किंवा जीव गमावणं. फ्रेंच व्यापारी आतल्या भागात पोचल्यावर तर गिऱ्हाइकाच्या हातात पर्याय आला. बोलीची सूत्रं दोन्हीकडे होती आणि तांडे ती नीट वापरत.

बीव्हरच कशाला, हेही सांगायला हवं. टोप्या बीव्हरच्या कातड्याच्या नसत, त्याच्या आतल्या मऊ लवेच्या असत. त्या लवेला बारीक आकडे असतात, त्यामुळे ती दाबली की एकमेकींत अडकून घट्ट नमदा होतो. वरचे राठ केस काढणं हे कष्टाचं काम. क्री लोक हिवाळ्यात लव आत करून बीव्हरचे अंगरखे घालत. वर्षभर घासून-घामेजून राठ केस आपोआप झडत. म्हणजे इथे चक्क वापरलेलं कापड नव्यापेक्षा महाग विकलं जाई, कारण लंडन-पॅरिसच्या कारागिराचं अर्धं काम आधीच झालेलं असे.

रस्ता मोकळा ठेवणारी बाई

वाहतुकीचं केंद्र चालतं ते रस्ते सुरक्षित असतील तोवर. १७१४ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी थानाडेल्थर नावाची एक तरुण डेने स्त्री उपाशी, थकलेल्या अवस्थेत यॉर्कला पोचली. क्री टोळीनं तिला आदल्या वर्षी पकडून नेलं होतं, तिथून ती निसटली होती. वखारीचा गव्हर्नर जेम्स नाइट याच्यापुढे अडचण हीच होती: उत्तरेकडचे डेने क्रींच्या भीतीनं वखारीकडे फिरकत नव्हते. तिच्या बोलण्यातून त्याला उत्तरेकडचा नवा बाजार दिसला.

जून १७१५ मध्ये कंपनीचा विल्यम स्टुअर्ट, सुमारे दीडशे क्री आणि थानाडेल्थर असा काफिला निघाला. भूक आणि आजारानं तांडा फुटला. उरलेल्यांना वाटेत कत्तल झालेल्या डेने लोकांची प्रेतं सापडली. क्री घाबरले, आता आपल्यावर सूड येणार, माघारी फिरू म्हणाले. तिनं त्यांना दहा दिवस थांबायला लावलं आणि एकटी पुढे गेली. दहाव्या दिवशी शंभराहून अधिक डेने लोकांना घेऊन ती परतली. त्यांना बोलून-बोलून घसा बसल्याचं नोंदींत आहे. चिलीम फिरली, तह झाला. मे १७१६ मध्ये मंडळी यॉर्कला परतली. पुढच्या हिवाळ्यात, ५ फेब्रुवारी १७१७ रोजी, ती आजारानं वारली. त्याच वर्षी डेने व्यापारासाठी चर्चिल नदीच्या मुखाशी नवी वखार निघाली.

इतिहासाच्या पुस्तकांत अशा माणसाला ‘दुभाषी’ म्हणून एका ओळीत उरकतात. माझ्या मते हा तह त्या दशकातला यॉर्कचा सर्वांत मोलाचा सौदा होता, आणि तो खिडकीतून झाला नव्हता.

काठावरून आत

१७७४ मध्ये कंपनीच्या सॅम्युअल हर्ननं सस्कॅचवान नदीवर कंबरलँड हाउस ही आतली वखार उभारली. कारण उघड होतं: मॉन्ट्रियलचे व्यापारी वाटेतच फर अडवत होते. इथून यॉर्कचं काम पालटलं. गिऱ्हाइकाची वाट बघणारं दुकान जाऊन आतल्या डझनावारी वखारींना माल पुरवणारं गोदाम आलं.

मध्येच १७८२ आलं. फ्रेंच नौसेनापती ला पेरूझनं यॉर्क घेतलं आणि जाळलं. जंगलात पळालेल्या इंग्रजांसाठी त्यानं अन्न आणि दारूगोळा मागे ठेवला, असं अदबीनं सांगितलं जातं. पण त्याच सुमारास मैदानांतून देवीची साथ उपसागराकडे आली होती. जळालेली वखार वर्षभरात पुन्हा उभी राहिली. साथीत रिकाम्या झालेल्या क्री वस्त्या मात्र नाही, आणि कंपनीच्या वहीत हे नुकसान ‘फर कमी आलं’ एवढ्याच भाषेत उतरलं.

१८२१ मध्ये मॉन्ट्रियलची नॉर्थ वेस्ट कंपनी हडसन बे कंपनीत विलीन झाली. जॉर्ज सिम्पसननं कारभार हाती घेतला आणि निम्म्याहून अधिक नोकर घरी बसवले. पण इथे महत्त्वाचा निर्णय दुसराच: मॉन्ट्रियलची वाट सोडून जवळपास सगळा पश्चिमेचा माल यॉर्कमार्गे. पुढची चाळीसेक वर्षं यॉर्कची.

गाडं कसं चालायचं

जूनच्या सुरुवातीला लंडनहून जहाजं निघत. ऑर्कनी बेटांवर स्ट्रोमनेसला थांबून पाणी आणि माणसं घेत. ऑर्कनीचे लोक होड्यांवर वाढलेले आणि स्वस्तात मिळणारे, म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या नोकरांत त्यांचीच बहुसंख्या होती. हडसन सामुद्रधुनीतल्या बर्फातून वाट काढत जहाज ऑगस्टमध्ये पोचे. सप्टेंबर संपायच्या आत परत निघालं नाही तर हिवाळाभर अडकलंच.

इकडे आतून फरच्या होड्या जूनपासून उतरू लागत. त्यांनाही नद्या गोठायच्या आत परतायचं असे. जहाजाची वाट पाहत बसणं परवडणारं नव्हतं. म्हणून होड्या जो माल घेऊन जात तो आदल्या वर्षीच्या जहाजाचा असे. यॉर्कमध्ये कायम किमान वर्षभराचा साठा लागायचा, कारण एखादं जहाज बुडालं किंवा बर्फात अडकलं तर आतली माणसं दारूगोळ्याविना उपाशी मरतील. मॅकेन्झी नदीवरच्या वखारीनं मागवलेली वस्तू लंडनला कळून, बनून, यॉर्कला येऊन, साठून, होड्यांनी वर चढून तिच्या हाती पडेपर्यंत तीन-चार वर्षं जात. आजच्या पुरवठा साखळीवर बोलणाऱ्यांनी हे कोष्टक एकदा मांडून बघावं. भांडवल किती काळ अडकून पडतं हे लगेच कळेल.

हा साठा ठेवायलाच १८३० च्या दशकात तो मोठा पांढरा डेपो बांधला गेला. मध्ये चौक, भोवती लाकडी इमारत, दर्शनी भाग तीन मजली. गोठलेल्या जमिनीत खोल पाया घातला तर बर्फ त्याला उचलून फोडतो. म्हणून जमिनीवर लाकडं अंथरून, वरचा सांगाडा थोडा हलता राहील असा जोडला गेला. जमीन फुगली-बसली तरी इमारत तिच्याबरोबर हलते आणि तुटत नाही. ती आजही उभी आहे.

आत माल जायचा तो यॉर्क बोटींतून. ऑर्कनीच्या होड्यांच्या घाटाची, सपाट तळाची, दोन्ही टोकांना निमुळती, चाळीसेक फूट लांब. भूर्जसालीच्या कनूपेक्षा ती बोजड. पण तीन टन माल घेई आणि खडकावर घासली तरी फाटत नसे. सहा-आठ वल्हेकरी, पुढे एक वाटाड्या, मागे सुकाणूवाला. प्रत्येक गठ्ठा ९० पौंडांचा, म्हणजे एक्केचाळीस किलो. जिथे धबधबा किंवा खळाळ येई तिथे माल उतरवायचा, कपाळावरून पट्टा घेऊन एका वेळी दोन गठ्ठे पाठीवर टाकायचे, आणि होडी ओंडक्यांवरून ओढत न्यायची. प्रवाह जोराचा असेल तिथे काठानं चालत दोरानं होडी खेचायची, कमरेएवढ्या पाण्यात, गोट्यांवरून घसरत. यॉर्क ते विनिपेग सरोवराच्या तोंडाशी असलेलं नॉर्वे हाउस, साधारण सहाशे किलोमीटर, अशा तिसेक ठिकाणी उतरावं लागे.

यांतला सर्वांत खडतर फेरा पोर्टाज ला लोशच्या तांड्याचा. रेड रिव्हर वसाहतीतले (आजच्या विनिपेगच्या परिसरातले) मेटी, म्हणजे युरोपीय आणि मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाचे, वल्हेकरी जूनमध्ये निघत. आधी वायव्येला दूर मेथाय पोर्टाजपर्यंत. (पोर्टाज म्हणजे माल पाठीवरून न्यायची वाट; मेथाय हे ला लोशचंच दुसरं नाव.) तिथे एकोणीस किलोमीटरच्या डोंगरवाटेवर मॅकेन्झीकडून आलेल्या माणसांशी माल-फरची अदलाबदल. मग ते फर घेऊन थेट यॉर्कला, आणि तिथून परत घरी, नद्या गोठायच्या आत. सगळं एका उन्हाळ्यात. १८४६ मध्ये गोवरची साथ याच होड्यांच्या वाटांनी यॉर्कपर्यंत पोचली. नंतरच्या काळात या तांड्यांतली माणसं वाटेत काम टाकून माघारी फिरू लागली, आणि कंपनीचे अधिकारी त्याला शिस्तीचा प्रश्न म्हणत राहिले. शेतं, बायसनची शिकार, मालवाहू गाड्या असे दुसरे धंदे हाताशी असताना एवढ्या मजुरीवर पाठ मोडून घ्यायला कोण येणार?

घसरण

रेशमी टोपी १८४० च्या दशकात आली, बीव्हरचे भाव पडले. तरी यॉर्क चालूच होतं. मार्टिन, मस्करॅट, कोल्हा यांचं फर होतं, आणि आत जाणारा माल तर वाढतच होता. टोपीनं यॉर्क बुडालं असतं तर तेव्हाच बुडायला हवं होतं.

धक्का दक्षिणेकडून बसला. मिसिसिपीवरच्या सेंट पॉलपर्यंत वाफेच्या बोटी येत होत्या. तिथून रेड रिव्हरपर्यंत मेटींच्या लाकडी चाकांच्या बैलगाड्या. त्या गाड्या कुरकुरत, पण चालत. १८४९ मध्ये, मक्ता मोडून फरचा व्यापार केल्याबद्दल चाललेल्या सेयर खटल्यानंतर, कंपनीचा मक्ता कागदावरच उरला आणि हा मार्ग उघड झाला. जून १८५९ मध्ये ‘ॲन्सन नॉर्थप’ ही वाफेची बोट रेड नदीतून फोर्ट गॅरीला, आजच्या विनिपेगला, पोचली. त्याच सुमारास, म्हणजे सिम्पसनच्याच कारकिर्दीच्या अखेरीला, कंपनीनं स्वतःचा माल सेंट पॉलमार्गे मागवायला सुरुवात केली. यॉर्कला मारणारा प्रतिस्पर्धी बाहेरचा नव्हता. मालकानंच आकडेमोड केली आणि उत्तर बदललेलं दिसलं.

समुद्र जवळ असण्याचा फायदा नदीवर माणसं वल्ही मारत होती तोवरच होता. वाफेनं नदीवरचा खर्च खाली आणला, आणि वर्षाला एकच जहाज येणाऱ्या, सात महिने गोठलेल्या बंदराकडे वळायचं कारण उरलं नाही. १८७० मध्ये कंपनीनं आपला मुलूख ३ लाख पौंडांच्या मोबदल्यात कॅनडाला दिला. १८७८ मध्ये सेंट पॉलहून रेल्वे विनिपेगच्या दारात आली. यॉर्क आता फक्त किनाऱ्यावरच्या वखारींपुरतं उरलं. स्वतःचा बाजार त्याला कधी नव्हताच. सगळं गिऱ्हाईक दूर आत, आणि त्या गिऱ्हाइकाची वाट दुसरीकडून गेली.

तरी मैदानांना सर्वांत जवळचा समुद्र हाच, हे गणित कोणी विसरलं नाही. गव्हाच्या निर्यातीसाठी उपसागरापर्यंत रेल्वे न्यायचं ठरलं, तेव्हा १९१२ च्या सुमारास बंदरासाठी जागा निवडली ती नेल्सनचं मुख, यॉर्कपासून जवळच. पाण्यात कृत्रिम बेट आणि त्यापर्यंत पूल बांधून झाल्यावर उथळ किनारा आणि गाळ यांनी त्यांना तेच शिकवलं जे दोन शतकं फाइव्ह फॅदम होलमध्ये नांगर टाकणाऱ्या प्रत्येक कप्तानाला ठाऊक होतं. काम सोडून रेल्वे चर्चिलकडे वळली आणि १९२९ मध्ये तिथे पोचली.

यॉर्कची वखार १९५७ मध्ये बंद झाली. तिथल्या क्री कुटुंबांना आत, स्प्लिट लेकवरच्या यॉर्क लँडिंगला हलवण्यात आलं. त्यांचं फर्स्ट नेशन (कॅनडातल्या मूळ रहिवाशांचा मान्यताप्राप्त समूह) आजही यॉर्क फॅक्टरीचं नाव लावतं. जागा कॅनडा सरकारकडे आहे. डेपोसमोरचा काठ नदी दरवर्षी खाते आहे आणि जुन्या इमारतींचे अवशेष हेजमध्ये पडत आहेत. कंपनी स्वतः डिपार्टमेंट स्टोअर्सची साखळी होऊन टिकली होती. तिची शेवटची दुकानं १ जून २०२५ रोजी बंद झाली. चर्चिलची रेल्वे २०१७ च्या पुरात वाहून गेली आणि दीड वर्ष बंद राहिली. आता ती आणि बंदर त्या भागातल्या फर्स्ट नेशन्स आणि गावांच्या मालकीचं आहे, आणि ते बंदर वाढवायची बोलणी ओटावात चालू आहेत. मुद्दे जुनेच आहेत: समुद्र जवळ, पाणी किती महिने मोकळं, आणि वितळणाऱ्या जमिनीवरून जाणारे रूळ दरवर्षी कोण दुरुस्त करणार.